‘एक रात्र थांबलो असतो तर?’

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून):

मी ४७ वर्षांची, मिस्टर ५२. ते रोज धावतात, तब्येत उत्तम. मागच्या वर्षी एका साहस पर्यटन कंपनीबरोबर आम्ही नऊ दिवसांच्या उंचावरच्या ट्रेकला गेलो. पाचव्या दिवशी ४,१०० मीटरवरच्या कॅम्पवर मिस्टरांना उलट्या सुरू झाल्या. डोकं दोन दिवसांपासून दुखत होतं, पण आपल्यामुळे ग्रुपचा खोळंबा नको म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. ट्रेक लीडरनं बोटाला ऑक्सिमीटर लावला, चार प्रश्न विचारले आणि मग सगळ्यांदेखत त्यांना चवड्याला टाच लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं, दारू प्यायलेल्या माणसाला चालवून बघतात तसं. दोनदा त्यांचा तोल गेला. लीडरनं एक गोळी दिली आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता खाली जायचं. संध्याकाळचे सात वाजले होते. आमचा विमा होता, आम्ही हेलिकॉप्टर मागितलं, तो नाही म्हणाला. त्याचा सहायक, एक पोर्टर आणि आम्ही दोघं हेडलॅम्पच्या उजेडात चार तास चालून ९०० मीटर खाली आलो. सकाळी मिस्टर ठणठणीत. परत वर जाऊ का विचारलं, तर तेही नाही. बाकीच्यांचा ट्रेक पूर्ण झाला. आमचे पैसे परत मिळाले नाहीत. कंपनीच्या ऑफिसातून घरी एक फोन गेला नाही. ग्रुपमधल्या कुणाला तरी रेंज मिळाली, त्यानं व्हॉट्सॲपवर काहीतरी टाकलं आणि त्यावरून माझ्या मुलीला कळलं की बाबांना खाली नेलंय. रात्रभर तिला आमचा फोन लागला नाही.

आता मैत्रिणी त्याच कंपनीबरोबर ट्रेकला निघाल्या आहेत. मला जायचंय. मिस्टर म्हणतात, त्या कंपनीचं नाव काढू नकोस, एक रात्र थांबलो असतो तर सगळं निभावलं असतं. दुसऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के सुरक्षित, हेलिकॉप्टर कायम तयार’ असं आहे. त्यांच्याबरोबर जावं का?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं ते सरळ रेषेत चालणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्या मिस्टरांना ते लागलंय, हे पत्रातही जाणवतं. बावन्न वर्षांचा, रोज धावणारा माणूस चारचौघांत अडखळतो आणि दुसरा कुणीतरी त्याला ‘तुम्ही आता खाली चला’ म्हणतो. हे कुणालाही लागेल. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

उंचावर हवा विरळ होते, शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. २,५०० मीटरच्या वर गेलं की बऱ्याच जणांचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. हा विरळ हवेचा साधा त्रास. तिथेच थांबलं, विश्रांती घेतली, तर एकदोन दिवसांत तो बहुधा ओसरतो. पण काही जणांच्या मेंदूला सूज येऊ लागते. त्याला हाय ऑल्टिट्यूड सेरेब्रल एडिमा म्हणतात, डोंगरातली माणसं नुसतं ‘हेस’ म्हणतात. साधा त्रास संपून हेस कुठे सुरू झाला, हे तंबूत बसून कसं ओळखायचं? रक्त तपासता येत नाही, स्कॅन नाही. पण मेंदूला सूज आली की लवकर बिघडणाऱ्या गोष्टींत शरीराचा तोल येतो. म्हणून माणसाला चवड्याला टाच लावत दहाबारा पावलं चालवून बघतात. या तपासणीला एक मिनिट लागतं, आणि डोंगरातली ती सर्वांत भरवशाची तपासणी आहे. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबता येत नाही, कारण बोटं गार पडली की तो चुकतो आणि त्या उंचीवर धडधाकट माणसाचा आकडाही घरी घाबरवेल इतका खाली असतो.

दोन दिवसांची डोकेदुखी, उलट्या आणि दोनदा गेलेला तोल. तुमच्या लीडरपुढे एवढं सगळं होतं. त्यानं दिलेली गोळी बहुधा डेक्सामेथासोनची असावी. मेंदूची सूज काही काळ आवरणारं ते औषध आहे. ते वेळ मिळवून देतं. बाटलीतला ऑक्सिजन आणि माणसाला आत ठेवून हवेचा दाब वाढवता येतो ती फुगवायची पिशवी, यांचंही तेच. खरा उपचार एकच, खाली उतरणं. ३०० ते १,००० मीटर खाली आलं की बहुतेकांना उतार पडतो. तुम्ही ९०० मीटर उतरलात.

आणि सकाळी ते ठणठणीत होते! तुमच्या मिस्टरांना हा पुरावा वाटतो की काही झालंच नव्हतं. मला तो पुरावा वाटतो की वेळेवर खाली आणलं. ताप उतरला म्हणून तापच नव्हता, असं आपण एरवी म्हणत नाही. पण खाली उतरणं हे औषध दिसत नाही, त्याची पट्टी नाही, बाटली नाही. म्हणून त्याचं श्रेय कुणी देत नाही. हेस झालेल्या माणसाला त्याच ट्रेकमध्ये पुन्हा वर पाठवलं नाही, हेही बरोबरच केलं.

आता ‘एक रात्र थांबलो असतो तर’. हे वाक्य मी स्वतः एकदा खरं करून बघितलं आहे, म्हणून सांगते. मी डोंगरात गट घेऊन जाऊ लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत, एका संध्याकाळी गटातला एक तरुण मुलगा असाच अडखळत होता. बाहेर अंधार, वाट घसरडी, तो म्हणतोय मला झोपू द्या, सकाळी बघू. मी ऐकलं. रात्री झोपेत श्वास संथ आणि अनियमित होतो, शरीरातला ऑक्सिजन आणखी खाली जातो, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. तरी ऐकलं. दोनच्या सुमाराला त्याला हाक मारली तर तो माझ्याकडे बघत होता, पण मला ओळखत नव्हता. बुटाची नाडी हातात धरून नुसता बसून राहिला, ती बांधायची कशी हे त्याला आठवेना. जो मुलगा संध्याकाळी आधारानं स्वतःच्या पायांनी चालला असता, त्याला आम्ही चौघांनी आळीपाळीनं पाठीवर घेऊन उतरवलं, त्याच अंधारात, त्याच घसरड्या वाटेवर. तो वाचला. पण त्या रात्रीचा निर्णय चुकीचा होता, आणि तो माझा होता. तुमच्या लीडरनं संध्याकाळी सात वाजता जे केलं, ते मला करता आलं नव्हतं.

राहता राहिलं हेलिकॉप्टर. विमा काढला की हेलिकॉप्टर आपल्या हक्काचं, असं आपल्याला वाटतं. डोंगरात ते बहुतेक वेळा दिवसा, मोकळ्या आभाळात उडतं, कारण वैमानिकाला समोरचा कडा डोळ्यांनी दिसावा लागतो. विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते, त्यामुळे उंचावर वजनाचं गणित काटेकोर होतं. उतरायला सपाट जागा लागते. त्यातून विमा कंपनीच्या मदत केंद्राला आधी कळवून त्यांची खर्चाची हमी घ्यावी लागते, नाहीतर बिल नाकारलं जाऊ शकतं. लीडरनं संध्याकाळी सात वाजता ते मागवलं असतं, तरी फार तर सकाळी आलं असतं, तेही ढग नसते तर. म्हणजे तीच एक रात्र वर काढायची, जी काढायला नको होती.

हेलिकॉप्टर बोलवायला फार उत्सुक असलेली कंपनी पाहिली की मी उलट सावध होते. २०१८ मध्ये नेपाळ सरकारनं केलेल्या चौकशीत बाहेर आलं होतं, की किरकोळ त्रास असलेल्या ट्रेकरनाही घाबरवून हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं आणि विमा कंपन्यांकडून फुगवलेली बिलं वसूल करायची, असा धंदा काही जण करत होते. काही ट्रेकिंग कंपन्या, हेलिकॉप्टर कंपन्या आणि रुग्णालयं त्यात सामील होती. तुमच्या लीडरला त्या रात्री हेलिकॉप्टरची आशा लावून तुम्हाला गप्प बसवता आलं असतं. त्यानं आपला सहायक दिला, पोर्टर दिला आणि उरलेला गट स्वतः एकट्यानं सांभाळला.

हे जमलं कशामुळे, तेही बघा. त्याच्याकडे खाली पाठवायला एक प्रशिक्षित माणूस जास्तीचा होता. वीस जणांमागे एकच लीडर असता, तर एक तर सगळ्यांना खाली यावं लागलं असतं, नाहीतर तुम्हा दोघांना वाट न माहीत असलेल्या कुणाबरोबर तरी धाडलं असतं. संकट आल्यावर कंपनी काय करते, याचं निम्मंअधिक उत्तर निघण्यापूर्वीच ठरलेलं असतं. किती माणसं दिली, वेळापत्रकात राखीव दिवस ठेवला का, ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त चढत नाही ना, दर तीनचार दिवसांनी विसावा आहे ना. कमी दिवसांत जास्त उंची दाखवणारी सहल कागदावर आकर्षक दिसते. तिचा हिशोब पाचव्या रात्री कळतो. आणि रोज धावणाऱ्याला हा त्रास कमी होतो, असं मुळीच नाही. फुप्फुसं तगडी असणं वेगळं आणि विरळ हवेची सवय होणं वेगळं. तगडी माणसं भरभर चढतात आणि दुखणं लपवतात, त्यामुळे कधीकधी उलट तीच अडकतात.

इथवर मी कंपनीची बाजू घेतली असं वाटेल. आता तुमच्या मुलीबद्दल.

तिच्या बाबतीत जे झालं ते चूक आहे आणि त्याला डोंगर, रेंज, अंधार यांतलं काहीही कारण पुरत नाही. लीडरनं खाली न्यायचं ठरवलं, त्याच मिनिटाला सॅटेलाइट फोनवरून, सॅटेलाइट मेसेंजरवरून किंवा वायरलेसवरून ऑफिसला निरोप जायला हवा होता. ऑफिसात रात्री जागा असलेला एक माणूस हवा. त्या माणसानं तुमच्या फॉर्मवरचा घरचा नंबर काढून तुमच्या मुलीला फोन करायचा: बाबांना उंचीचा त्रास झालाय, ते चालताहेत, आई बरोबर आहे, दोन माणसं सोबत आहेत, मध्यरात्रीपर्यंत खालच्या गावात पोचतील, पोचले की मी तुला पुन्हा फोन करेन, उशीर झाला तरी करेन. एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. त्यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण पुढचा फोन कधी येणार हे कळलं की घरचा माणूस त्या वेळेपर्यंत कसाबसा तग धरतो. कळलं नाही तर मनात काय काय येतं, ते तुमच्या मुलीला विचारा.

युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवासाच्या नियमांत, अडचणीत सापडलेल्या प्रवाशाला तातडीनं मदत करणं हे आयोजकाचं कर्तव्य मानलं आहे, आणि त्या मदतीत त्याला संपर्क साधायला साहाय्य करणं स्पष्ट धरलं आहे. तुमच्या कंपनीला तो नियम लागू असो वा नसो, अपेक्षा रास्तच आहे. साहस पर्यटनातल्या सुरक्षा व्यवस्थापनासाठी २०१४ पासून आयएसओ २११०१ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आपत्कालीन तयारी हा त्याचा एक भागच आहे. कागदावर योजना असणं सोपं असतं. रात्री अकरा वाजता ऑफिसातला फोन कोण उचलतं, यावर ती खरी की खोटी ते ठरतं.

सगळ्यांदेखत चालायला लावलं, तेही टाळता आलं असतं. चार पावलं बाजूला, तंबूच्या मागे नेऊन, ‘मला तुमचा तोल बघायचाय, मेंदूला सूज आली की तोच आधी जातो’ असं एक वाक्य सांगून तीच तपासणी झाली असती. घाईत राहून गेलं असेल. पण ते एक वाक्य बोललं गेलं असतं, तर वर्षभर तुमच्या घरात हा राग मुरला नसता, असं मला वाटतं.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. एकाच्या आजारपणामुळे सहल अर्धवट राहिली तर बहुतेक कंपन्या परतावा देत नाहीत, कारण माणसं, परवाने, मुक्काम यांचा खर्च झालेला असतो. सहल मध्येच सोडावी लागली तर भरपाई देणारं कलम प्रवास विम्यात असतं. तुमच्या पॉलिसीत होतं का, ते बघा. पुढच्या वेळी पॉलिसी घेताना किती मीटर उंचीपर्यंत ती चालते, हे आधी वाचा. अनेक साध्या पॉलिसी एका उंचीनंतर ट्रेकिंगला हात वर करतात.

आता ती ‘शंभर टक्के सुरक्षित’वाली जाहिरात. जो डोंगराला, नदीला, समुद्राला ओळखतो, तो हे शब्द लिहीत नाही. जुलै १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ साक्सेटबाख नावाच्या ओढ्यात कॅन्यनिंगला, म्हणजे अरुंद घळीतून ओढ्याच्या पाण्यातून उतरायला, गेलेले २१ जण पुरात गेले, त्यांत मार्गदर्शकही होते. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला होता. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या व्हाकारी ज्वालामुखी बेटावर ४७ माणसं असताना उद्रेक झाला, २२ जण गेले. तीन आठवडे आधी तिथला धोक्याचा स्तर वाढवला गेला होता, तरी सहली चालू होत्या. दोन्ही ठिकाणी मुख्य प्रश्न दोर कमी पडले का, हेलिकॉप्टर होतं का, असा नव्हता. ‘आज जायचं नाही’ असं म्हणायचा अधिकार कुणाकडे होता आणि त्यानं तो वापरला का, हा होता.

म्हणून कुठल्याही कंपनीला, तुमच्या जुन्या आणि या नव्याही, फोन करून मी पहिला प्रश्न हा विचारेन: गेल्या वर्षभरात तुम्ही किती जणांना मध्येच खाली आणलंत आणि शेवटची सहल कधी रद्द केलीत? ‘आमच्याकडे असं कधी होतच नाही’ हे उत्तर आलं, तर फोन ठेवा. जिथे वर्षानुवर्षं उंचावर माणसं नेली जातात, तिथे असं होतंच. खरं काम करणारा माणूस थोडा थांबतो आणि मग एखादा प्रसंग सांगतो, कुठे, कुणाला, का. त्या सांगण्यातच त्याची तयारी कळते. मग पुढचं विचारा. लीडरनं दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, कधी घेतलं? रेंज नसेल तिथे निरोप कसा जातो, आणि त्या देशात सॅटेलाइट फोनला परवाना लागत असेल तर तो काढला आहे का? एकाला खाली न्यायचं झालं तर बरोबर कोण जाईल? घरी फोन कोण करेल, त्याचं नाव काय? या शेवटच्या प्रश्नाला नाव मिळालं पाहिजे. ‘आमची टीम बघते’ हे उत्तर धरू नका.

राफ्टिंगला जाणाऱ्यांनी हाच प्रश्न पाण्याच्या पातळीबद्दल विचारावा: किती पाणी वाढलं की तुम्ही बोट पाण्यात घालत नाही? राफ्टबरोबर सेफ्टी कयाक, म्हणजे पाण्यात पडलेल्याला उचलायला सोबत चालणारी छोटी होडी, असते का? डायव्हिंगला जाणाऱ्यांनी बोटीवर ऑक्सिजन आहे का आणि सर्वांत जवळचा दाब-कक्ष (डायव्हिंगच्या त्रासावर वाढीव दाबाखाली उपचार करतात ती खोली) कुठे आहे, ते विचारावं. उत्तर चटकन आलं पाहिजे.

आणि एक गोष्ट तुमच्याकडची. ते डोकं दोन दिवस दुखत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लीडरला सांगितलं असतं, तर कदाचित एक दिवसाचा मुक्काम वाढला असता, गोळी मिळाली असती आणि तुम्ही दोघं बाकीच्यांबरोबर ट्रेक पूर्ण करून आला असता. म्हणजे ‘एक रात्र थांबलो असतो तर’ यात तथ्य आहे, फक्त ती रात्र तिसरी होती. मिस्टरांना हे ऐकवायला सोपं जाणार नाही. दोष देऊन सांगू नका. ग्रुपचा खोळंबा नको या चांगुलपणापायीच ते गप्प राहिले, आणि असे गप्प राहणारे प्रत्येक गटात दोनतीन तरी असतात.

माझं मत विचाराल तर त्याच कंपनीबरोबर जा, पण आधी त्यांच्या ऑफिसात जाऊन मुलीची ती रात्र त्यांना सांगा. पैशांचा विषय त्यात आणू नका, नाहीतर बोलणं तिथेच अडकेल. नुसतं विचारा, त्या रात्री आमच्या घरी फोन का गेला नाही आणि आता कोण करेल. त्यांनी ऐकून घेतलं, चूक मान्य केली आणि काय बदललं ते सांगितलं, तर डोंगरावर बरोबर वागलेली माणसं खालीही शिकली आहेत असं समजा. त्यांनी हात झटकले तर मैत्रिणींनाही ते सांगा आणि वरचे प्रश्न घेऊन तिसरी कंपनी शोधा.

मुलीला या वेळी लीडरचं नाव, ऑफिसचा रात्रीचा नंबर, विमा कंपनीच्या मदत केंद्राचा नंबर आणि रोजच्या मुक्कामाची यादी कागदावर लिहून द्या. कुठल्या दिवशी रेंज नसेल, तेही त्यावर लिहा, म्हणजे तुमचा फोन न लागणं तिला त्या दिवशी घाबरवणार नाही. आणि मागच्या वेळचा लीडर अजून तिथे आहे का, विचारा. असेल तर त्याच्याच गटात जागा मागा. मिस्टर बरोबर येणार असतील तर मागच्या वर्षी काय झालं ते त्याला आणि डॉक्टरांना निघण्यापूर्वीच सांगा, कारण एकदा झालेला त्रास पुन्हा होऊ शकतो. या वेळी डोकं दुखायला लागलं तर पहिल्याच संध्याकाळी त्याच्या तंबूपाशी तुम्ही स्वतः जा, मिस्टर नको म्हणाले तरी.